कपाट सगळं लिहून ठेवतं हो!

अहो वहिनी, ऐकलंत का? नाही, जरा इकडे सरका, त्या झाडाच्या आडोशाला. आमची सून रात्रपाळी करून आलीय, आत झोपलीय, आणि हे कुंपण म्हणजे नुसतं नावाला. तर तिच्या हॉस्पिटलात ते औषधांचं कपाट बदललंय! म्हणजे कपाट तेच, आतलं सॉफ्टवेअर नवीन. आणि त्यावरून नर्सेस आणि फार्मसीवाले यांच्यात असं काही जुंपलंय म्हणता… इथे एडिसनमध्ये प्रत्येक गल्लीत कुणीतरी हॉस्पिटलात नोकरीला, त्यामुळे सकाळच्या वॉकलाच बातमी फुटली. मला वाटलं, तुमच्यापर्यंत आली असेल.

कपाट तुम्ही पाहिलंयच, लेकीच्या बाळंतपणात. नर्सिंग स्टेशनच्या मागे, फ्रिजएवढं, वर स्क्रीन. कंपनी कुठलीही असो, नर्सेस त्याला पिक्सिसच म्हणतात. बोट टेकवायचं, पेशंटचं नाव निवडायचं, औषध निवडायचं, की टक्कन तेवढाच खण उघडतो. पण औषध त्या पेशंटच्या यादीत दिसायला हवं ना, तर आधी डॉक्टरने लिहायचं, मग खाली फार्मसीत आमच्या सूनबाईने तपासायचं, डोस बरोबर आहे का, ॲलर्जी आहे का, आणि तिने होय म्हटलं की मग ते वर नर्सला दिसतं. म्हणून तर तिचा तोरा! ‘मी होय म्हटल्याशिवाय अख्ख्या मजल्यावर कुणाला गोळी मिळत नाही,’ असं परवा माझ्या मुलाला ऐकवत होती. तो बिचारा मुकाट्याने भांडी लावत होता डिशवॉशरमध्ये.

आमच्या वेळी काय होतं हो? मी मुंबईला म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स, मग सिस्टर इनचार्ज. डीडीएचं, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचं, कपाट भिंतीत, त्याला दोन कुलपं, किल्ली माझ्या कमरेला. पेथिडिनचं एक इंजेक्शन काढलं तरी रजिस्टरात पेशंटचं नाव, डॉक्टरची सही, माझी सही, आणि रिकामी अँप्यूल जपून ठेवायची, ती परत केल्याशिवाय नवीन मिळणार नाही. बाकी औषधं? इंडेंट पाठवा आणि वाट बघत बसा. नाहीतर नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी द्या, तो धावतो खाली केमिस्टकडे.

इथल्या लोकांनाही पूर्वी तोच व्याप होता बरं का. ही कपाटं बनवणाऱ्या ऑम्निसेल कंपनीचा तो रँडल लिप्स, त्याची लेक जन्मल्या जन्मल्या हॉस्पिटलात राहिली होती. हा शेजारी बसून बघतोय, तर नर्सेस बाळाला सोडून सामान शोधत हिंडतायत. झालं, १९९२ मध्ये कंपनीच काढली. लेकीच्या उशाशी बसून धंदा सुचला माणसाला! आमच्या ह्यांना माझ्या बाळंतपणात कँटीनचा चहा कुठे मिळतो एवढंच सुचलं होतं.

तर काय सांगत होते… हां, आमच्याकडचं रविवारचं पॉटलक. तुम्ही नव्हतात ना, तुमच्या व्याह्यांकडे गेला होतात. बरंच हुकलं तुमचं. सुनेच्या हॉस्पिटलातली ती केरळची सिस्टर आली होती, उंच, शांत, जिने मागे आपल्याला फणसाचे चिप्स दिले होते. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या घरातले ते सॉफ्टवेअरवाले. सिस्टर सहज सांगत होती, की शुक्रवारी काउंट जुळला नाही म्हणून तिला घरी जायला उशीर झाला. तुम्हाला माहीतच आहे, अफूच्या जातीचं औषध असलं की खण उघडल्यावर ते यंत्र आधी विचारतं, आत किती आहेत? स्वतःला ठाऊक असतं बरं, पण सांगत नाही मेलं! तुम्ही मोजून आकडा टाका. तुमचा आणि त्याचा आकडा जुळला नाही की सगळ्यांच्या नावाने शंख. अर्धं इंजेक्शन उरलं तर टाकून देतानाही दुसऱ्या नर्सने येऊन बघायचं आणि तिनेही आपलं बोट टेकवायचं. तर आधीच्या पाळीतल्या कुणीतरी दोन गोळ्या काढून एकच नोंदवली होती, आणि ही बसली रात्री उशिरापर्यंत हिशोब लावत.

त्यावर ते सॉफ्टवेअरवाले, हातात पाणीपुरीची प्लेट, मोठ्या रुबाबात म्हणतात, ‘बट द मशीन नेव्हर लाइज!’

सिस्टरने प्लेट खाली ठेवली. म्हणाली, ‘सॉमरव्हिलची गोष्ट ठाऊक आहे ना तुम्हाला? मशीन तिथेही खोटं बोललं नव्हतं.’

अगंबाई, काय चेहरा पडला त्यांचा! कारण सॉमरव्हिल इथून हाकेवर, २८७ ने अर्धा तास, आणि चार्ल्स कलनचं नाव न्यू जर्सीत कुणी विसरलेलं नाही. तो पिक्चर आला तेव्हा तर घरोघर तीच चर्चा, ‘द गुड नर्स’. मी मुलाला म्हटलं, असलं काही लावू नकोस रात्रीचं. पण बघितला शेवटपर्यंत.

नर्सच तो, पेशंटना मारणारा, पण वरून साळसूद माणूस हो. दुसऱ्यांच्या ड्युट्या करायचा, सगळ्यांना मदत करायचा. सोळा वर्षं, नऊ हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग होम! कुठे संशय आला की हळूच काढून टाकायचे, आणि पुढचा विचारायला आला की ‘हो, काम करत होता इथे’ एवढंच सांगायचे. आपली ब्याद दुसऱ्याच्या दारात. आणि सॉमरसेट मेडिकल सेंटरला आल्यावर त्याने काय केलं? डिगॉक्सिनसाठी, म्हणजे हृदयाच्या औषधासाठी, ऑर्डर टाकायची आणि लगेच रद्द करायची. कागदोपत्री औषध घेतलंच नाही, पण खण मात्र तोवर उघडलेला! एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आता मला सांगा, शहाणी नर्स इतक्यांदा ऑर्डर रद्द करते का? एखाद्या वेळी चुकेल बोट. पुढे म्हणे पॅरासिटामॉल मागायला लागला, कारण त्याच खणात शेजारच्या कप्प्यात डिगॉक्सिन. आपला मिसळणाचा डबा असतो ना, हळदीसाठी झाकण काढलं की तिखट-मोहरी सगळंच समोर, तसे काही खण. म्हणून तर आता सूनबाईच्या तिथे धोक्याच्या औषधांना वेगळे कप्पे आणि प्रत्येकाला आपापलं झाकण, मागितलं तेवढंच उघडतं.

आणि हे सगळं, वहिनी, कपाटाने लिहून ठेवलं होतं. तारीख, वेळ, नाव, काय मागितलं, काय रद्द केलं. २००३ च्या जुलैत पॉयझन कंट्रोलच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलला फोनवर सरळ सांगितलं, तुमच्याकडे कुणीतरी मुद्दाम करतंय. आणि हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं कधी? ऑक्टोबरात! तोवर वकील, मीटिंगा, ‘आम्ही अंतर्गत चौकशी करतोय’. मधल्या काळात तो रोज ड्युटीवर. शेवटी काढलं तेही काय म्हणून, तर नोकरीच्या अर्जात तारखा चुकीच्या लिहिल्या म्हणून! पोलिसांनी कपाटाच्या नोंदी मागितल्या, तर उत्तर मिळालं, आमच्याकडे तीसच दिवसांच्या राहतात. डिटेक्टिव्ह हुशार, त्याने थेट मशीन बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, छे हो, सगळं असतं की आत, हवं तितकं मागचं काढा. मला तर ते दृश्य डोळ्यांसमोर येतं, फोन ठेवताना त्याने शेजारच्याकडे कसं बघितलं असेल…

ते कागद वाचून दाखवले कुणी? त्याच्याच मैत्रिणीने, एमी लॉरेनने, त्याच्याबरोबर आयसीयूत काम करणाऱ्या नर्सने. पोलिसांना त्यातलं काय कळणार? नर्सनेच बघावं आणि म्हणावं, हे औषध या पेशंटला? ह्याला कशाला? १२ डिसेंबर २००३ ला त्याला पकडला. एकोणतीस खून कबूल केले, आणि स्वतःच म्हणाला होता की चाळीसच्या आसपास असतील. ट्रेंटनच्या तुरुंगात आहे. न्यू जर्सीने मग कायदाच केला, आपल्याकडून कुणाला अशा कारणाने काढलं तर पुढच्याला खरं सांगायचं, लपवायचं नाही. हॉस्पिटलातल्या थोरामोठ्यांपैकी मात्र कुणावर फौजदारी खटला झाला नाही हो. असो. आपण कोण बोलणार!

सॉफ्टवेअरवाले काहीच बोलेनात. त्यांच्या बायकोने पटकन, ‘भाताला तडका छान झालाय,’ असं काहीतरी म्हणून सावरलं. पण विषय कसला थांबतोय! आमच्या सुनेने काढलंच नॅशव्हिल. तिला मी डोळ्यांनी खुणावलं, नको म्हणून, कारण घरात नर्सेस बसलेल्या आणि ही फार्मसीची. पण ऐकेल तर ना.

राडोंडा वॉटचं प्रकरण म्हणजे नर्सेसच्या जिव्हारी लागलेली गोष्ट. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट हॉस्पिटलातली नर्स, २०१७ च्या नाताळाचा दुसरा दिवस. पंचाहत्तर वर्षांची बाई, स्कॅनच्या मशीनमध्ये जायला घाबरत होती, म्हणून तिला शांत करायला व्हर्सेड लिहून दिलेलं. राडोंडाने कपाटावर नुसतं व्ही-ई टाईप केलं. आता ते औषध कपाटात मिडॅझोलम या नावाने! यादीत होतं, फार्मसीने होय म्हटलेलं होतं, पण व्ही-ई टाकल्यावर कसं दिसणार? मग तिने ओव्हरराइड दाबलं. म्हणजे फार्मसीची वाट न बघता खण उघडायची सोय, इमर्जन्सीसाठी ठेवलेली. पुन्हा व्ही-ई. आणि समोर आलं व्हेक्युरोनियम.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं एवढं. अहो, ते भूल देताना वापरतात, स्नायू पार लुळे करतं, श्वास थांबतो. म्हणून त्या बाटलीच्या टोपणावरच मोठ्या अक्षरात इशारा असतो. आणि व्हर्सेड असतं पातळ, तयार. ही बाटली भुकटीची, पाणी घालून विरघळवावी लागते. हिने ते केलं, बरोबरच्या शिकाऊ नर्सशी दुसऱ्याच कामाचं बोलत बोलत. त्या स्कॅनच्या विभागात बारकोड वाचायचं यंत्र नव्हतं, इंजेक्शन दिल्यावर त्या बाईजवळ थांबलं कुणी नाही. अर्ध्या तासाने न्यायला आलेल्या माणसाला कळलं… दुसऱ्या दिवशी गेली बिचारी.

इथे दोन तट पडले आमच्या दिवाणखान्यात. सून म्हणते, ‘टोपण वाचलं असतं तर? औषध तयार करताना हात का थांबला नाही?’ मला आतून पटत होतं हो. आमच्या मेट्रनबाई लेबल तीनदा वाचायला लावायच्या. कपाटातून काढताना, भरताना आणि देताना. तिसऱ्यांदा वाचलं नाही असं दिसलं तर वॉर्डात सगळ्यांसमोर पाणउतारा. मी तिथे असते तर त्या पोरीला पहिल्यांदा मीच झापलं असतं.

पण सिस्टरनेही सोडलं नाही. म्हणाली, ‘आणि ओव्हरराइड? ते तिने एकटीने शोधून काढलं का?’ महिनाभर आधी तिथे नवीन कंप्युटर आलेला, कपाटाचं आणि फार्मसीचं धड जुळत नव्हतं, सगळेच दाबत होते. त्या एका पेशंटसाठीच तीन दिवसांत वीसदा तरी ओव्हरराइड झालं होतं, असं राडोंडाने सांगितलं. तिने स्वतःची चूक त्याच दिवशी कबूल केली, लपवलं काही नाही. लपवलं कुणी? मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी डॉक्टरला हॉस्पिटलने त्या औषधाबद्दल सांगितलंच नाही, नैसर्गिक मृत्यू म्हणून कागद झाले. घरच्यांशी आतल्या आत मिटवलं, बोलायचं नाही या अटीवर. कुणीतरी निनावी कळवलं म्हणून २०१८ मध्ये केंद्राची माणसं तपासायला आली, नाहीतर झाकली मूठ तशीच राहिली असती. आणि पिंजऱ्यात उभी कोण? एकटी नर्स.

एवढं बोलून तिने आमच्या सुनेकडे बघितलं. सुनेचं तोंड एवढंसं झालं. आणि मी तिची सासू असून सांगते तुम्हाला, कुठे बोलू नका, मला थोडी मजाच वाटली.

२५ मार्च २०२२ ला राडोंडाचा निकाल लागला ना, तेव्हाची आठवण सिस्टरने सांगितली. मजल्यावरच्या सगळ्या जणी फोन हातात घेऊन उभ्या. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरली म्हणून दोषी. कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात म्हणे एकीने राजीनामा दिला, दुसरीने नाइट सोडली. मे महिन्यात शिक्षा सुनावली त्या दिवशी कोर्टाबाहेर नर्सेस जमलेल्या, जांभळे टी-शर्ट काय, फलक काय. तीन वर्षं प्रोबेशन, तुरुंग नाही. त्या गेलेल्या बाईंचा मुलगाच कोर्टात म्हणाला, माझ्या आईला हिने तुरुंगात जावं असं वाटलं नसतं. लायसन्स तर आधीच गेलं होतं.

मध्येच कुणीतरी त्या सिनेमातल्या नटाच्या, डेनिस क्वेडच्या, जुळ्यांचं काढलं. बाळांना दहा युनिटच्या हेपॅरिनऐवजी दहा हजारांचं, २००७ मध्ये, लॉस एंजेलिसला, दोन्ही बाटल्या निळ्या. वाचली पोरं देवाच्या कृपेने. त्याने दावा लावला बाटलीच्या कंपनीवर. आमचा मुलगा म्हणाला, ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!’ पण मला नाही पटलं. वर्षभर आधी इंडियानापोलिसला तेच झालं होतं, फार्मसीच्या माणसाने लहान मुलांच्या वॉर्डातल्या कपाटात मोठ्यांच्या बाटल्या भरल्या. नर्सने बरोबर खण उघडला, आतलंच चुकीचं. तीन बाळं गेली. कंपनीने पुढे लेबल बदललं खरं, पण बाजारातल्या जुन्या बाटल्या परत घेतल्या नाहीत. मग लावू नये का दावा? मी असं म्हटल्यावर मुलगा गप्प आणि सिस्टरने मला दुसऱ्यांदा पायसम वाढलं.

बरं, भांडण कशावरून ते राहिलंच सांगायचं. नॅशव्हिलनंतर ते औषधांच्या सुरक्षेचं बघणारे लोक, आयएसएमपी, म्हणाले, दोन अक्षरांवर औषध शोधूच देऊ नका, निदान पाच तरी टाईप करायला लावा. ऑम्निसेलने २०२० पासून तशी सोय दिली, पण सुरू करायची की नाही ते हॉस्पिटलच्या हातात! इथे इतके दिवस बंदच होती. आता नव्या सॉफ्टवेअरबरोबर सूनबाईच्या फार्मसीने केली सुरू. नर्सेस भडकल्या. एक जण म्हणाली, ‘पेशंट निळा पडत असताना मी स्पेलिंग आठवत बसू?’ आणि खरंच हो, ती औषधांची नावं! मराठी माध्यमातली मी, मला आजही त्यातली निम्मी लिहिता येणार नाहीत. एकीने घाईत पाचातलं एक अक्षर चुकवलं, स्क्रीन म्हणे ‘नो मॅच’, ती तिथेच रडकुंडीला आली. दुसरी जाऊन चार्ज नर्सला म्हणाली, आम्ही केंटकीला जातो. केंटकीने २०२४ मध्ये कायदा केलाय ना, औषधाच्या चुकीसाठी नर्सवर फौजदारी खटला नाही म्हणून, मुद्दाम केलं असेल किंवा घोर निष्काळजीपणा असेल तर सोडून. हे चार्ज नर्सने फार्मसीच्या डायरेक्टरला जसंच्या तसं ऐकवलं. तो केबिनमधून बाहेरच आला नाही दुपारभर.

आता तोडगा काय, तर ओव्हरराइडची यादी नव्याने करायची. कुठलं औषध फार्मसीला न विचारता काढता येईल, कुठलं नाही. आणि ते काम दिलंय आमच्या सुनेला! काल संध्याकाळपासून फोन थांबत नाहीयेत. इमर्जन्सीवाल्यांना सगळंच यादीत हवंय. भूलवाले म्हणतात, आमच्या औषधांना हात लावाल तर बघा. सर्जरीची मॅनेजर तर गोड बोलून घरी केक पाठवते म्हणाली. मी म्हटलं, घे बाई केक, सही करू नकोस. ती केरळची सिस्टरही यादी ठरवणाऱ्या कमिटीत आहे, रविवारपासून दोघी एकमेकींशी फक्त ‘हाय’ पुरत्या बोलतायत.

शुक्रवारी मीटिंग आहे. कुणाचं औषध राहिलं नि कुणाचं गेलं ते कळलं की सांगतेच तुम्हाला. तोवर तुम्ही मात्र… हो, माहीत आहे, तुम्ही कुठे बोलत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले.